स्तनाचा कॅन्सर : वय, उपप्रकार आणि आक्रमकता

गाठ दुधाच्या नळीच्या आतच असली की इन सिटू, नळीभोवतीचा पातळ पडदा फोडून बाहेर आली की इन्व्हेझिव्ह. बोलताना लोक इन्व्हेझिव्ह आणि अॅग्रेसिव्ह एकच धरतात, पण अॅग्रेसिव्हपणा ग्रेडवर, म्हणजे पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात त्यावर, आणि पेशी किती वेगात वाढतात त्यावर ठरतो, आणि वयाचा संबंध मुख्यतः त्याच्याशी आहे.

पेशीवर संदेश पकडणारी जी प्रथिनं असतात त्यांना रिसेप्टर म्हणतात, आणि उपप्रकार बऱ्याच अंशी त्यावरून ठरतात. चाळिशीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू तिन्ही रिसेप्टर नसलेला) आणि हर-टू पॉझिटिव्हचं (हर-टू जास्त असलेल्याचं) प्रमाण जास्त, पुढे ल्युमिनल ए चा (हार्मोन रिसेप्टर असलेल्या, हळू वाढणाऱ्या प्रकाराचा) वाटा वाढत जातो, म्युसिनस (चिकट द्रव बनवणारा) तर बहुतेक उतारवयातलाच. (ही ल्युमिनल वगैरे नावं २०००-०१ च्या सुमाराची, चार्ल्स पेरू ह्या संशोधकाच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या जीन अभ्यासातली.) मात्र ल्युमिनल ए मध्येही तरुण बायकांचे उपचारांचे रिझल्ट तुलनेने वाईट दिसतात, म्हणजे नुसत्या उपप्रकारावर सगळं ढकलता येत नाही.

खरा वाद आहे तो कुठल्या वयात किती केसेस होतात ह्याच्या आलेखावरून. डेन्मार्कच्या क्लेमेसन ह्या संशोधकाने १९४० च्या दशकाच्या शेवटी, बहुधा १९४८ साली, दाखवलं की वयानुसार केसेस पन्नाशीपर्यंत झपाट्याने वाढतात आणि मग चढ एकदम मंदावतो, ह्यालाच क्लेमेसनचा हुक म्हणतात. काहीजण ह्याचं श्रेय पाळी जाताना बदलणाऱ्या हार्मोन्सना देतात, तर काहींच्या मते हे एकावर एक पडलेले दोन आजार आहेत, एक पन्नाशीच्या आसपासचा आणि एक सत्तरीच्या. हार्मोन रिसेप्टरप्रमाणे केसेस वेगळ्या केल्या की दोन्ही रेषा वेगळ्या वळतात, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

भारतात पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं कमी वयात येते असं म्हणतात, पण मुळात आपली लोकसंख्याच तरुण आहे हे त्यात विसरलं जातं. शिवाय सरसकट मॅमोग्राफी नाही म्हणून इन सिटू अवस्थेत गाठ फार क्वचित सापडते. पुण्याची कॅन्सर रजिस्ट्री (कॅन्सरच्या केसेसची नोंदवही) १९७० च्या दशकापासूनची, तिच्यातून वयाचे आकडे मिळतात, उपप्रकारासाठी पॅथॉलॉजी रिपोर्टच बघावे लागतात. ट्रिपल निगेटिव्हवर आयसर पुणे ही विज्ञान संस्था आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन ही संस्था मिळून काम करतात.

आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्ह जास्त दिसतो त्यातला थोडा भाग लॅबचाही असू शकतो. ऑपरेशननंतर गाठीचा तुकडा वेळेत फॉर्मेलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रवात) गेला नाही, किंवा त्यात ६ ते ७२ तास ठेवण्याची मर्यादा पाळली नाही, तर रिसेप्टर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि गावाकडून अख्खी गाठ न कापता बरणीत घालून पुण्याला पाठवली तर फॉर्मेलिन आतपर्यंत पोचतच नाही.