अमेरिकेत सॉकर चालत नाही, की अमेरिकेची लीग चालत नाही?

विश्वचषकाच्या आगेमागे अमेरिकेतील सॉकरविषयी दोन ठरावीक लेख हमखास वाचायला मिळतात. पहिल्यात अमेरिकन माणसाला हा खेळ कधीच रुचणार नाही असे छातीठोकपणे सांगितलेले असते आणि पुराव्यादाखल मेजर लीग सॉकर या तिथल्या व्यावसायिक लीगच्या दूरचित्रवाणीवरील तुटपुंज्या प्रेक्षकसंख्येकडे बोट दाखवलेले असते. दुसऱ्यात अमेरिका आता सॉकरमय होऊ लागल्याची घोषणा असते आणि विश्वचषकाची तुडुंब भरलेली मैदाने पुढे केलेली असतात. दोन्ही लेखांतील आकडे बहुधा खरेच असतात. घोटाळा इतकाच, की पहिला लेख एका लीगविषयी बोलत असतो, दुसरा एका खेळाविषयी, आणि दोन्ही लेखकांची समजूत आपण एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत अशी असते. (यापुढे ‘सॉकर’ म्हणजे आपला फुटबॉल आणि ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकनांचा. नावावरून होणाऱ्या वादात मला रस नाही.)

सॉकर हा खेळ आणि युरोपातील त्याच्या लीग कशा चालतात, हे वाचकाला ठाऊक असणार. त्यामुळे ते सोडून देतो. नेहमी पुढे केली जाणारी काही कारणेही चटकन बाजूला सारता येतात. गोल कमी होतात म्हणून अमेरिकन कंटाळतो, हे त्यांतले सर्वांत आवडते आणि सर्वांत पोकळ कारण. फुटबॉलमध्ये एका टचडाउनला सहा आणि त्यानंतरच्या किकला एक असे सात गुण मिळतात. म्हणजे 21-14 असा भरघोस दिसणारा निकाल प्रत्यक्षात तीन विरुद्ध दोन असाच असतो. बरोबरीत सुटणारे सामने अमेरिकनांना सहन होत नाहीत म्हणावे, तर त्यांच्या राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये 2004 पर्यंत बरोबरी रीतसर चालत होती आणि त्यावाचून कोणाचे अडले नव्हते. गंमत म्हणजे मेजर लीग सॉकरनेच या समजुतींवर विश्वास ठेवून 1996 पासून पहिली चार वर्षे उलटे चालणारे घड्याळ आणि बरोबरी फोडण्यासाठी 35 यार्डांवरून धावत येऊन गोल करण्याची पद्धत वापरून पाहिली. जे येत नव्हते ते त्यामुळे आले नाहीत आणि जे येत होते ते वैतागले. 45 मिनिटे खेळ थांबत नसल्याने जाहिरातींना जागा मिळत नाही, हे कारण मात्र खरे आहे. पण ती वाहिन्यांची अडचण आहे, प्रेक्षकाची नव्हे.

आता मुख्य मुद्दा. 1994 चा विश्वचषक अमेरिकेत झाला, तेव्हा 24 संघांच्या 52 सामन्यांना मिळून सुमारे 35 लाख 87 हजार प्रेक्षक आले. पुढच्या विश्वचषकापासून संघ 32 आणि सामने 64 झाले, तरीही 2022 पर्यंत कोणत्याही यजमान देशाला तो आकडा गाठता आला नाही. 2022 मधला अमेरिका-इंग्लंड सामना एकट्या फॉक्स वाहिनीवर दीड कोटीहून अधिक लोकांनी पाहिला, आणि अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्याचा इंग्रजी व स्पॅनिश वाहिन्यांवरील प्रेक्षकवर्ग मिळून अडीच कोटींच्या पुढे गेला. त्याच वर्षी मेजर लीग सॉकरच्या सामन्यांना ईएसपीएन आणि एबीसी या वाहिन्यांवर सरासरी साडेतीन लाख प्रेक्षकही लाभले नाहीत. शेजारी आणखी एक आकडा ठेवला, की चित्र उलगडते. त्या सुमारास एनबीसी समूहावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगला सरासरी पाच लाखांच्या आसपास प्रेक्षक होते, आणि त्यातला शनिवारचा पहिला सामना न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेसातला, तर कॅलिफोर्नियात पहाटे साडेचारला सुरू होतो. परदेशातल्या लीगसाठी गजर लावून उठणारा प्रेक्षक ज्या देशात आहे, त्या देशाला खेळच आवडत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

त्यात मेक्सिकोच्या लिगा एमएक्सची भर घालायला हवी. अमेरिकेत वर्षानुवर्षे सर्वाधिक पाहिली जाणारी क्लब लीग तीच राहिली आहे, तीही स्पॅनिश वाहिन्यांवर. इंग्रजी वाहिन्यांचे आकडे तेवढे उचलून ‘अमेरिकन प्रेक्षक’ असा निष्कर्ष काढणाऱ्या लेखांचा मला विशेष राग येतो. लॉस एंजेलिसमध्ये किंवा ह्यूस्टनमध्ये क्लब अमेरिका अथवा चिवास या मेक्सिकन संघांचा सामना पाहणारे कुटुंब अमेरिकन नाही, असे हे लेखक न बोलता गृहीत धरतात. जनमत चाचण्यांतही अशीच गफलत होते. गॅलपच्या 2023 अखेरच्या पाहणीत पाहण्यासाठी सर्वांत आवडता खेळ म्हणून 41 टक्के लोकांनी फुटबॉल आणि अवघ्या 5 टक्क्यांनी सॉकर निवडला. पण प्रश्न एकच खेळ निवडण्याचा होता. रविवारी दिवसभर फुटबॉल पाहणारा माणूस शनिवारी सकाळी आर्सेनलचा सामना पाहत असेल, तर त्याची नोंद या उत्तरात कुठेच होत नाही.

मग खेळाला प्रेक्षक असताना लीगला का नाही? लीगला मुळीच प्रेक्षक नाही, हेही खरे नाही. 2024 मध्ये मेजर लीग सॉकरच्या सामन्यांना मैदानात सरासरी 23 हजार लोक आले. अटलांटा युनायटेडने 2018 मध्ये घरच्या मैदानावर सरासरी 50 हजारांहून अधिक प्रेक्षक जमवले. युरोपातील अनेक नामांकित क्लबांना हे जमत नाही. म्हणजे मैदान भरते आणि पडदा रिकामा राहतो. या विसंगतीकडे बहुतेक लेख ढुंकूनही पाहत नाहीत, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. एखादा खेळ मुख्य प्रवाहात आहे की नाही, हे आपल्या शहराच्या संघाला पाहायला किती लोक जातात यावरून ठरत नाही. ज्या सामन्यात आपला संघच नाही, तो किती लोक पाहतात यावरून ठरते. एनएफएल या फुटबॉलच्या लीगमध्ये नियमित हंगामातल्या सामन्याला सरासरी पावणेदोन कोटींच्या आसपास प्रेक्षक मिळतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे त्या दोन शहरांशी काही नाते नसते. मेजर लीग सॉकरचा सिएटलमधला चाहता सिएटलचा सामना मैदानात गात-ओरडत पाहतो आणि घरी येऊन लीगमधला दुसरा सामना लावत नाही. लावलाच, तर लिव्हरपूलचा लावतो.

याचे कारण अमेरिकन चाहत्याच्या सवयीत आहे. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि हॉकी या चारही खेळांत जगातली सर्वोच्च लीग त्याच्याच देशात आहे. परक्या शहरांचा सामना तो पाहतो, कारण त्या खेळात त्याहून वरचे काही अस्तित्वातच नाही. सॉकरमध्ये ते शिखर अटलांटिकपलीकडे आहे आणि ते बटण दाबताच दिसते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. दोन परक्या शहरांचा आयपीएल सामना आपण सहज पाहतो. मात्र रात्र जागवून मँचेस्टरचा सामना पाहणारे पुणेकर भरपूर असतानाही इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा संघ 2019 मध्ये बंद पडला. म्हणून पुण्याला सॉकर आवडत नाही, असे कोणी म्हणत नाही.

लीग शिखरावर का जात नाही, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. आधीची नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग 1968 मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्क कॉसमॉसने 1975 मध्ये पेलेला आणि 1977 मध्ये बेकेनबावरला आणले, आणि 1977 च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला न्यू जर्सीत 77 हजारांहून अधिक लोक आले. संघांची संख्या 24 वर गेली, खर्चाला धरबंध उरला नाही आणि 1984 च्या हंगामानंतर लीगच उरली नाही. विश्वचषकाच्या यजमानपदासाठी दिलेला शब्द पाळायला 1996 मध्ये दहा संघांनिशी उभी राहिलेली मेजर लीग सॉकर त्या आठवणीने इतकी धास्तावलेली होती, की खेळाडूंचे करार संघांऐवजी लीगने स्वतःकडे ठेवले आणि पगारांना कडक मर्यादा घातली. या काटकसरीमुळेच ती 2002 मध्ये फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद करावे लागूनही तगली, आणि त्याच काटकसरीमुळे तिला शिखर गाठता येत नाही. बेकहॅमसाठी 2007 मध्ये या पगारमर्यादेला केलेला अपवाद वाढत आज प्रत्येक संघाला तीन महागडे खेळाडू घेता येतात. पण तीन उत्तम खेळाडूंनी अकरांचा संघ युरोपच्या तोडीचा होत नाही.

इथे बढती आणि पदावनतीचे भक्त हटकून पुढे येतात. तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले, की सगळे सुरळीत होईल असे त्यांचे म्हणणे. तत्त्वतः मलाही ती पद्धत अधिक न्याय्य वाटते. परंतु 2007 मध्ये टोरंटोच्या संघासाठी एक कोटी डॉलर प्रवेशशुल्क घेणाऱ्या लीगने 2023 मध्ये सॅन डिएगोकडून 50 कोटी डॉलर घेतले आहेत. इतके पैसे मोजलेला मालक दुसऱ्या श्रेणीत उतरायला तयार होईल, ही कल्पनाच भाबडी आहे. शिवाय एनएफएलमध्येही पदावनती नाही, आणि तिचे त्यावाचून काही बिघडलेले नाही.

जुलै 2023 मध्ये मेस्सी लीगमधल्या इंटर मायामी या संघात आला, तेव्हा खेळ आणि लीग यांच्या गोंधळात खेळाडूची लोकप्रियताही मिसळली. एप्रिल 2024 मध्ये कॅन्सस सिटीतला मायामीविरुद्धचा सामना नेहमीच्या छोट्या मैदानाऐवजी फुटबॉलच्या ॲरोहेड मैदानावर खेळवला गेला आणि 72 हजारांहून अधिक लोक आले. ते मेस्सीला पाहायला आले होते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्या गर्दीला लीगची गर्दी म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. 2023 च्या हंगामापासून लीगने आपले सामने दहा वर्षांच्या करारान्वये ॲपलच्या सशुल्क सेवेवर नेले. पैसे चांगले मिळाले, पण वाहिन्या बदलता बदलता सहज सामन्यावर थबकणारा प्रेक्षक त्यामुळे दुरावला, आणि नेमका तोच प्रेक्षक लीगला हवा होता.

शिखराचा माझा सिद्धान्त महिला सॉकरपाशी अडखळतो, हे सांगायला हवे. तिथे अमेरिका स्वतःच शिखर होती: 1991, 1999, 2015 आणि 2019 असे चार विश्वचषक, 1999 च्या अंतिम सामन्याला पासाडेनातील रोझ बोलमध्ये 90 हजारांहून अधिक प्रेक्षक, आणि 2015 चा अंतिम सामना फॉक्सवर पाहणारे 2 कोटी 54 लाख. तरीही 2001 मध्ये सुरू झालेली व्यावसायिक महिला लीग सप्टेंबर 2003 मध्ये गुंडाळली गेली, तीही अमेरिकेतच होणाऱ्या विश्वचषकाच्या तोंडावर. तिच्यानंतरची लीगही तीनच हंगाम चालली. जगातल्या उत्तम खेळाडू देशात असणे पुरेसे नव्हते. दर आठवड्याला पाहण्याची सवय पिढ्यांनी लागते, आणि चार वर्षांतून एकदा देशासाठी जमणारी गर्दी ती सवय लावून देत नाही. लाखो अमेरिकन मुले शनिवारी सॉकर खेळतात, यावरून उद्याच्या प्रेक्षकांचे गणित मांडणारेही हीच चूक करतात. पेलेच्या काळापासून ती मुले मोठी होत आहेत आणि मोठेपणी रविवारी फुटबॉल पाहत आहेत.

आता लीगने आपला हंगाम बदलायचे ठरवले आहे. आजवर तिची बाद फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे एनएफएलच्या ऐन भरात आणि बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या आसपास यायची. 2027 च्या उन्हाळ्यापासून हंगाम युरोपप्रमाणे जुलैच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चालेल आणि कडाक्याच्या थंडीत मध्ये विश्रांती असेल. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ युरोपशी जुळेल आणि निर्णायक सामने फुटबॉलच्या सावलीतून बाहेर येतील, म्हणून मला हा बदल पटतो. मे महिन्यात बास्केटबॉल आणि हॉकीच्या बाद फेऱ्यांशी गाठ पडेल, पण तो प्रतिस्पर्धी तुलनेने सोसण्यासारखा आहे. मात्र मिनियापोलिसच्या चाहत्याने शनिवारी रात्री सॉल्ट लेक आणि कोलंबसचा सामना का लावावा, या प्रश्नाला नव्या वेळापत्रकातही उत्तर नाही.