केमोच्या खुर्चीपर्यंत संगीत कसे पोहोचले

पुण्यात घरातल्या कुणाची केमो सुरू झाली की एक प्रश्न हमखास निघतो: कॅन्सरवर कोणता राग लावायचा? मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांत प्रत्येक आजारासमोर एकेक राग लिहिलेला असतो. त्या तक्त्यांना आधार नाही. कॅन्सरच्या उपचारात संगीताला जागा मिळाली ती गाठ विरघळवण्यासाठी नव्हे, उपचार सोसवावेत म्हणून.

देह आणि स्वर यांचा एकत्र विचार आपल्याकडे जुनाच. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला तेराव्या शतकातला शार्ङ्गदेव वैद्यांच्या घराण्यातला. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ गर्भ कसा वाढतो, शरीर कसे घडते हे सुरुवातीलाच सांगतो. मात्र त्या विवेचनाचा रोख नाद देहात कुठून उठतो याकडे आहे, औषधाकडे नाही.

संगीतोपचार हा स्वतंत्र पेशा घडला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांमधून. मिशिगनमध्ये १९४४ साली त्याचा पदवी अभ्यासक्रम निघाला, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

कॅन्सरशी त्याचा संबंध घट्ट झाला तो उलट्यांमुळे. १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला मान्यता मिळाली. ते गुणकारी, पण उलट्या इतक्या की उपचार अर्ध्यावर सोडण्याची पाळी यायची. त्या काळात परिचारिकांनी संगीताचा आधार घेऊन पाहिला. १९८५ चा एक अभ्यास नेमका यावरच आहे. १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारे औषध आले आणि उलट्यांचा जोर बराच ओसरला. उरली ती केमोच्या आधीच सुरू होणारी मळमळ. आधीच्या खेपेला ज्या वासात, ज्या खोलीत उलट्या झाल्या, तो वास आला की सुई टोचण्याआधीच पोट ढवळते. ही सवय एकदा जडली की उलटीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

इथेच एक चूक होते. रुग्णाचे सर्वांत लाडके गाणे प्रत्येक केमोला लावले, तर तेही त्या वासासारखेच मळमळीशी जोडले जाऊ शकते. आवड रुग्णाचीच हवी, पण जिवाभावाचे गाणे घरासाठी राखून त्याच धाटणीचे दुसरे काही लावावे.

नंतरचे संशोधन भीती, वेदना आणि थकवा यांकडे वळले. न्यूयॉर्कमध्ये स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपणाच्या ६९ रुग्णांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतोपचार मिळालेल्यांची चिंता आणि उदासी २८ टक्क्यांनी कमी आढळली. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्याने ८१ चाचण्या तपासल्या. चिंता, वेदना, थकवा यांत फायदा दिसला, पण पुराव्याची खात्री बऱ्याच ठिकाणी कमी ठरली. दाव्याची मर्यादा एवढीच ठेवावी.

निवडीचे सूत्रही जुने, १९४० च्या दशकातले: आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत, मग टप्प्याटप्प्याने शांत. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या पुणेकर कानांना हे उलटे वाटेल, कारण ख्याल गायन विलंबितातून (संथ लयीतून) द्रुताकडे (जलद लयीकडे) चढत जाते. केमोच्या खुर्चीत अख्खी मैफल लावली, तर रुग्णाला डुलकी लागायच्या सुमारास तबला तापलेला असतो. तळमळणाऱ्या रुग्णाला आधी मध्य लयीतले अभंग किंवा भावगीत द्यावे, मग आलाप आणि विलंबित, आणि द्रुत सुरू होण्याआधी थांबावे. साधारण अर्धा तास पुरतो. नको म्हणाला तर लगेच बंद करावे. केमोच्या दिवशी काहींना कुठलाच आवाज सोसत नाही.

डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये चेहऱ्यावर घट्ट मुखवटा बसवतात, त्याखाली इअरफोन घालता येत नाहीत. तिथे खोलीतला स्पीकरच हवा. मुखवट्याच्या मापाच्या आणि नियोजनाच्या स्कॅनच्या दिवशी भीती जास्त असते, म्हणून संगीताची सोय तेव्हापासूनच मागावी.

सिस्प्लॅटिन कानांनाही इजा करते: आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात, कानात शिट्टी वाजत राहते. त्यामुळे आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच ठेवावा, आणि गाणे चिरके लागते किंवा कान वाजतात असे रुग्ण म्हणाला तर केमोच्या पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना सांगावे. इअरफोन एकाच कानात घालावा. सिस्टरची हाक ऐकू यायला हवी, आणि सुईच्या जागी जळजळ किंवा सूज वाटली तर गाणे संपायची वाट न पाहता तिथल्या तिथे बोलावे, कारण काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूची त्वचा जळते.