इन्व्हिजिक्लूज

इन्व्हिजिक्लूज म्हणजे इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीच्या टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेम्ससाठी निघालेली हिंट्सची पुस्तकं, ज्यातली उत्तरं न दिसणाऱ्या शाईत छापलेली असायची. काळ १९८० च्या दशकाच्या सुरवातीचा, गेममध्ये चित्र नाही, सगळं वाचायचं आणि कमांड टाइप करायची, आणि एका दारापाशी अडकलात की तिथेच बसा, कारण विचारायला इंटरनेट नव्हतंच. इन्फोकॉमचा 'झॉर्क' हा गेम टेस्ट करणाऱ्या माइक डॉर्नब्रूकने मग झॉर्क यूजर्स ग्रुप काढला आणि पोस्टाने नकाशे, हिंट्स विकायला लागला, त्यातूनच ही पुस्तकं आली.

पुस्तकात नुसते प्रश्न दिसतात, खाली रिकाम्या चौकटी, सोबत दिलेला मार्कर फिरवला की उत्तर उमटतं. एका प्रश्नाला अनेक उत्तरं: पहिलं नुसतं ढकलणारं, पुढचं जरा स्पष्ट, शेवटचं सरळ काय करायचं ते सांगणारं, म्हणजे किती बघायचं ते तुमच्या हातात. अडचण अशी की प्रश्नांची यादी वाचूनच पुढचं कळतं, 'तळघरातल्या पेटीचं काय करू' असं दिसलं की तळघर आहे आणि पेटी आहे हे फुकटात समजलं. म्हणून मधेमधे मुद्दाम खोटे प्रश्नही टाकलेले असत, आणि ते उघडत गेलात तर शेवटी तुम्हालाच टोमणा!

रहस्यकथेच्या गेममध्ये हे सगळं जास्त नाजूक. मार्क ब्लँकने लिहिलेला 'डेडलाइन' (१९८२) घ्या, मार्शल रॉबनर आतून बंद लायब्ररीत औषधाच्या ओव्हरडोसने मेलेला, तुम्ही डिटेक्टिव्ह, हातात १२ तास आणि घड्याळ चालूच. झॉर्कमध्ये अडकलं की निदान कळतं अडकलोय ते, इथे घरातली माणसं आपापल्या वेळेला येतात-जातात आणि तुम्ही भलत्याच खोलीत असलात तर पुरावा हुकतो आणि पत्ताही लागत नाही. बोटांचे ठसे तपासा, सार्जंट डफीकडे वस्तू तपासायला द्या, या मदतीही गेममध्येच आहेत, शिवाय गेमच्या डब्यात जबान्या, लॅब रिपोर्ट, प्रेताभोवती काढलेल्या खडूच्या रेषेचा फोटो आणि गोळ्यांची पुडी, कारण एवढी माहिती डिस्कवर मावत नव्हती. माझ्या मते आधी ते कागद नीट वाचावेत, मार्कर नंतर. खुनी कोण ही हिंट घेतली तर खेळायला उरतंच काय.

१९८७ पासून झॉर्कसारख्या काही जुन्या गेम्सच्या 'सॉलिड गोल्ड' आवृत्त्यांत हिंट्स गेममध्येच आल्या, 'हिंट' टाइप करायचं आणि एकेक ओळ उघडायची ('डेडलाइन'ला हे भाग्य काही मिळालं नाही). मोह आवरत नसेल त्यांच्यासाठी 'हिंट्स ऑफ' अशी कमांडही होती, ती दिली की त्या बैठकीपुरत्या हिंट्स बंद.