मॅनिफोल्डसाठी स्प्रे कॅनचा रंग की भट्टीतलं सिरॅमिक कोटिंग?

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून निघणारा जळका वायू गोळा करून पुढे नेणाऱ्या भागावर) मारायचा उष्णतारोधक रंग आणि त्यावर करून घ्यायचं सिरॅमिक कोटिंग यांत हमखास गल्लत होते. दोन्हीकडे सिरॅमिकचा उल्लेख असतो आणि हजार अंशांच्या आसपासचे आकडे छापलेले असतात. (बॉडीला चमक यावी म्हणून लावतात ते सिरॅमिक कोटिंग तिसरंच. त्याचा इथे काही उपयोग नाही.)

कॅनमधल्या रंगाचा जीव सिलिकोन रेझिनमध्ये, म्हणजे रंग बांधून धरणाऱ्या चिकट पदार्थात असतो. हात लावल्यावर चिकटला नाही म्हणजे रंग तयार झाला असं नाही, तो अजून कच्चाच असतो. तापवल्यावर रेझिन घट्ट होतं. आणखी तापलं की त्यातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि मागे उरलेलं सिलिकाचं जाळं रंगद्रव्याला व धातूला धरून राहतं. म्हणून तापवायचं ते टप्प्याटप्प्याने. साधारण पद्धत अशी: १२० अंश सेल्सिअसला अर्धा तास, मग थंड करणं, पुढे २०० आणि शेवटी ३१५ अंशांना तेच. भाग गाडीवरच असेल तर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवून बंद करायचं, पूर्ण निवू द्यायचं आणि दर खेपेला वेळ वाढवायची. रंग मारून थेट लांब फेरी मारली तर आत अडकलेलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रावण) फोड आणून बाहेर पडतं. डब्यावरचा कमाल आकडा खरा धरायचा तो ही भाजणी पूर्ण झाल्यावरच, आणि तोही थोड्या वेळापुरता.

बहुतेक वेळा रंग सोलतो तो मात्र आकडा कमी पडला म्हणून नाही. अर्धा मीटर लांबीचा स्टेनलेस पाईप ६०० अंशांनी तापला की सुमारे ५ मिलिमीटर लांबतो, बिडाचा ३ मिलिमीटरहून थोडा जास्त. गाडी चालू-बंद होईल तसं थराला दर वेळी तेवढं ताणून परत यावं लागतं. जाड थराला ते जमत नाही. खाली गंज किंवा तेलकट बोट लागलेलं असेल तर पातळ थरालाही नाही. जस्ताचा प्रायमर तर टाळाच, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं.

कोटिंगमध्ये हीच तयारी कामाचा भाग असते. भाग सुटा करून ब्लास्टिंगने (बारीक कणांचा जोरदार मारा करून) धातू उघडा आणि खरखरीत करतात, पातळ थर फवारतात आणि बहुतेक प्रकार भट्टीत भाजतात. पकड टिकते ती प्रामुख्याने यामुळे. पाईपच्या आतूनही थर देता येतो, जे स्प्रे कॅनने नीट होत नाही. पण सगळी कोटिंगं सारखी नसतात. चांदीसारखं चकचकीत दिसणारं ॲल्युमिनियमयुक्त कोटिंग साधारण ७०० अंशांपर्यंतच भरवशाचं, आणि पेट्रोल टर्बो इंजिनात पूर्ण भाराला एक्झॉस्ट वायू ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो. तिथे कमी चमकणारं, जास्त तापमानाचं कोटिंग निवडावं.

बॉनेटखालची उष्णता कमी होईल या आशेने काळा रंग मारणाऱ्यांची मला गंमत वाटते. काळा पृष्ठभाग उष्णता भरपूर बाहेर फेकतो, गंजलेलं बीडही जवळपास तेवढीच. म्हणजे मॅनिफोल्ड देखणा होईल, गंज थोपेल, बॉनेटखालच्या गरमीत फारसा फरक पडणार नाही. खरा उष्णतेचा अडसर हवा असेल तर झिर्कोनियाचा प्लाझ्मा स्प्रे (या सिरॅमिकची भुकटी वितळवून केलेली फवारणी) असतो. त्याचा थर रंगापेक्षा कित्येक पट जाड, खाली पकडीसाठी धातूचा वेगळा थर (बाँड कोट), आणि रोजच्या गाडीला एवढा खटाटोप क्वचितच परवडतो.

माझं मत विचाराल तर, साध्या इंजिनाच्या जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डला चांगला घासून मारलेला रंग पुरे. तो कधीतरी पुन्हा मारावा लागेल, पण ते घरी होतं. टर्बो असेल, किंवा नवा हेडर (पाईप जोडून बनवलेला मॅनिफोल्ड) अजून बसवायचाच असेल, तर कोटिंगवर खर्च करावा. एकदा बसवलेला हेडर कोटिंगसाठी परत उतरवायचा म्हणजे गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मधे बसवतात ते) नवं आणि मॅनिफोल्ड धरून ठेवणारे गंजलेले स्टड तुटण्याची धास्ती.

दोन्हीत गॅस्केट बसणारी सपाट बाजू आणि ऑक्सिजन सेन्सरचे आटे आधी टेपने झाका. तिथे थर गेला तर गॅस्केटमधून गळती होते आणि सेन्सर आट्यात अडकतो.