जमणे

जमणे हे मराठीतील अकर्मक क्रियापद आहे. एकत्र येणे, गोळा होणे हा त्याचा मूळ अर्थ. पारावर माणसे जमतात, आभाळात ढग जमतात, गणपतीची वर्गणी जमते. रोजच्या बोलण्यात मात्र ते 'साधणे, शक्य होणे' या अर्थाने सतत येते.

शब्दाचे मूळ अरबी 'जम्अ', म्हणजे एकत्र करणे. ते फारसीच्या वाटेने दफ्तरांत आले आणि हिशेबाच्या भाषेत स्थिरावले. जमा, जमाखर्च, जमाबंदी, जमाव, जमात ही सगळी त्याचीच भावंडे. जमेनीस आणि मुजुमदार ही आडनावे महसुली हिशेब ठेवणाऱ्यांच्या हुद्द्यांवरून आली. अष्टप्रधानांतील अमात्यांचे आधीचे नाव मुजुमदार असेच होते. पुण्यात जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय आजही आहे. कायद्यात पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने एकत्र आली की तो 'बेकायदेशीर जमाव' होतो. 'जमेची बाजू' हा प्रयोगही सरळ कीर्दखतावणीतून, म्हणजे हिशेबाच्या वह्यांतून आलेला.

गोळा होण्यापासून साधण्यापर्यंत हा शब्द कसा पोचला, ते स्वयंपाकघरात चांगले दिसते. नारळाच्या वड्या करताना खोबरे-साखरेचे मिश्रण ढवळत राहावे लागते. आधी ते सैल असते, मग कढईच्या कडेने सुटू लागते आणि मधोमध गोळा होतो. तेवढ्यात उतरवून थापले तर वड्या पडतात. घाई केली तर चिकट राहतात, उशीर झाला तर भुगा होतो. आच, साखर, हात आणि वेळ असे सगळे एका जागी आले की घरातले म्हणतात, "आज वड्या जमल्या!" मैफल जमते, भट्टी जमते, दोघांची गट्टी जमते, तेव्हाही हेच घडलेले असते. कौशल्य हे एकट्या माणसाचे नसते, अनेक गोष्टींची ती जुळणी असते, ही समज या क्रियापदात आहे आणि ती मला फार मोलाची वाटते.

व्याकरणही त्याला साजेसे आहे. 'मला भाकरी जमली' या वाक्यात करणारी व्यक्ती चतुर्थीत जाते आणि क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: लाडू जमला, पोळ्या जमल्या, थालीपीठ जमले. जवळच्या क्रियापदांशी ताडून पाहिले की फरक कळतो. 'मला पोळ्या येतात' म्हणजे त्या शिकून झाल्या आहेत. 'मी पोळ्या करू शकते' यात क्षमता आहे. 'मला पोळ्या जमतात' म्हटले की त्या खरोखर चांगल्या होतात, पदर सुटतात. पोळ्या येत असूनही एखाद्या दिवशी त्या जमत नाहीत, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

याच रचनेमुळे नकार सौम्य होतो. 'मी येणार नाही' म्हटले तर समोरचा दुखावतो. 'मला यायला जमणार नाही' म्हटले की दोष परिस्थितीकडे जातो. बाजारात "तेवढ्यात नाही जमणार, ताई" असे म्हणणारा विक्रेता सौदा मोडत नाही, अजून बोलायला जागा ठेवतो.

सकर्मक रूप जमवणे. माणसे, पैसे, पुरावे जमवतात. जमवाजमव म्हणजे कार्यापूर्वीची तयारी आणि जमवून घेणे म्हणजे न पटणाऱ्या माणसाशीही निभावणे. लग्नाच्या बोलण्यात दोन्ही रूपे लागतात: मध्यस्थ स्थळ जमवतो, पण लग्न जमते. 'जम' हे नाम मुख्यतः बसणे-बसवणे यांच्या सोबतीने येते. नव्या गावात दुकानाचा जम बसायला काही वर्षे जातात.

साचणे, साठणे आणि वेचणे ही शेजारची क्रियापदे. डबक्यात पाणी साचते, कोठारात धान्य साठते, फुले वेचतात. हिंदीत दही आणि बर्फ दोन्ही 'जमते', मराठीत मात्र दही लागते आणि पाणी गोठते. हिंदीच्या वळणाने 'दही जमले' असेही आता कानावर येते, पण रात्री कोमट दुधात विरजण लावणारी बाई सकाळी झाकण उचलून "लागलं का गं?" असेच विचारते.