प्री-वेडिंग शूट आणि आउटडोअर लग्न फोटोग्राफी

लग्न ठरलेल्या जोडप्याचे फोटो स्टुडिओत किंवा कार्यालयात न काढता समुद्र, डोंगर, धरणाचा काठ, जुना वाडा अशा मोकळ्या जागी जाऊन व्यावसायिक फोटोग्राफरकडून काढून घेणं म्हणजे प्री-वेडिंग शूट. लग्नानंतर केलं तर त्याला पोस्ट-वेडिंग म्हणायचं, पण बोलताना हा फरक फारसं कोणी पाळत नाही, सगळं प्री-वेडिंगच. साखरपुड्याच्या संध्याकाळी बाहेर काढलेले दोघांचे पोर्ट्रेट, लॉन्सवरची हळद, बीचवरचं लग्न हेही याच कामाचे भाग, माणसं तीच, कॅमेरे तेच. घरच्यांची पहिली चर्चा लोकेशनवर होते, महाबळेश्वर की गोवा की अलिबाग वगैरे. जुना फोटोग्राफर मात्र आधी वेळ विचारतो आणि मग जागा, आणि ते बरोबरच आहे कारण दुपारी १ वाजता कुठलीही जागा चांगली दिसत नाही.

पडद्यापासून डोंगरापर्यंत

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ लाच निघाली होती, पण सामान्य घरातल्या नवरा-नवरीचा फोटो पुढची कित्येक वर्षं स्टुडिओतच निघायचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, महालाचे खांब, एखादा बगीचा, पुढे खुर्ची, खुर्चीवर नवरदेव आणि शेजारी उभी नवरी. म्हणजे निसर्ग तेव्हाही हवाच होता, फक्त तो गुंडाळून ठेवता यायचा. बाहेर न जाण्याचं कारण साधं होतं, रोल. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर ३६ फोटो, मीडियम फॉरमॅटच्या चौकोनी फ्रेमला तर १२ च, प्रत्येक क्लिकला पैसे आणि आला की नाही ते धुतल्यावर कळणार. मग अख्खा रोल सूर्यास्तावर कोण घालवणार.

डिजिटल आल्यावर ही भीती गेली. करिझ्मा अल्बमची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करून छापलेल्या अल्बमची लाट आली, त्यात जोडप्याला कटिंग करून स्वित्झर्लंडच्या बर्फात नाहीतर ट्युलिपच्या बागेत उभं केलं जायचं, ते अल्बम आजही घरोघरी कपाटात आहेत आणि बघताना हसू येतं. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ मिळायला लागला आणि मागचं सगळं धूसर करणारा सिनेमासारखा लूक लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या हातात आला. कटिंगने बर्फ लावण्यापेक्षा खऱ्या डोंगरावरच जाऊ हा विचार साधारण याच काळात रुजला. लग्नाआधी वेगळं शूट करायची पद्धत तैवान, हाँगकाँग, चीन, कोरिया या भागात आपल्या आधीपासून होती, तिथे तो अल्बम आणि मोठा फोटो लग्नाच्या हॉलमध्ये लावतात. आपल्याकडे त्या फोटोची जागा स्टेजशेजारच्या एलईडी वॉलने घेतली, पंगती चालू असताना त्यावर दोघांचं गाणं फिरत राहतं.

धंद्याच्या अंगाने एक गोष्ट फार सोयीची झाली. चातुर्मासात लग्नं नसतात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत फोटोग्राफर मोकळा असतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत सह्याद्री हिरवागार असतो. कार्तिक-मार्गशीर्षातल्या लग्नांचे शूट ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करायचे हे गणित मग आपोआप जमलं. अडचण एकच, पितृपक्ष. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा फुलोरा बरेचदा त्याच पंधरवड्यात ऐन भरात असतो आणि घरचे म्हणतात आत्ता नको.

उजेडाचं काम

सूर्य खाली असताना त्याचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो, निळा रंग वाटेत विखुरतो, उरतो तो पिवळसर-केशरी आणि तो आडवा पडतो. त्यामुळे चेहऱ्याला आकार येतो, डोळ्यात चमक येते, पैठणीची जर पेटते. याला सगळे गोल्डन अवर म्हणतात, पण अवर नावालाच. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, युरोपातल्यासारखा तिरका रेंगाळत नाही. क्षितिजाच्या वर सहा अंशांपासून मावळेपर्यंत साधारण २५ मिनिटं मिळतात. यूट्यूबवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून दीड तासाचा शॉट प्लॅन करणारे इथेच फसतात, दुसरा ड्रेस बदलून येईपर्यंत अंधार. त्यात घाटातल्या खोऱ्यात असाल तर सूर्य खऱ्या मावळतीच्या किती तरी आधी डोंगराआड जातो, ताम्हिणी किंवा मुळशीला हे हमखास होतं. कोकणात उलटं, पश्चिमेला उघडा समुद्र असल्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत उजेड मिळतो, पण सकाळी सह्याद्री आडवा येतो आणि ऊन किनाऱ्यावर उशिरा पोचतं.

दुपारचं ऊन हा वेगळा विषय, आणि मे महिना तर फारच. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावली दिवस येतो, भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर. लग्नाचा सीझनही तोच. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, नाकाची सावली ओठावर येते, मुंडावळ्यांच्या रेघा गालावर उमटतात. झाडाच्या दाट सावलीत न्यावं तर पानांचा हिरवा उजेड कातडीवर येतो आणि गोरी-सावळी सगळीच माणसं आजारी दिसतात. त्यापेक्षा वाड्याचा ओटा, पडवी, कमानीच्या आतली बाजू, जिथे वर छप्पर आणि समोरून उजेड येतोय अशी जागा शोधायची. जांभा दगडाचं कुंपण किंवा लाल मातीचं अंगण असेल तर खालून मस्त उबदार रंग चेहऱ्यावर येतो, काळ्या पाषाणात तो फायदा नाही, तिथे रिफ्लेक्टर नाहीतर फ्लॅश लागतोच. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ चेहऱ्यासाठी सगळ्यात दयाळू, सावलीच पडत नाही, पण फोटोत आभाळ पांढरंफट्ट येतं म्हणून मग फ्रेममधून ते शक्य तितकं कापून हिरवं दाखवतात.

लेन्सचं सांगायचं तर पोर्ट्रेटला ८५ मिलिमीटर, लांबचा डोंगर जवळ ओढल्यासारखा मोठा मागे हवा असेल तर ७०-२००, आणि जागा दाखवायची तर ३५ किंवा त्याहून वाइड. बरेच जण अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ १.४ इतकं मोठं उघडून मागचं सगळं लोण्यासारखं वितळवतात. मग प्रश्न पडतो, एवढे चार तास गाडी चालवून गेलोच कशाला, मागे हरिश्चंद्रगड आहे की सोसायटीची बाग ते कळतच नाही.

आणि एक गंमत. गोरज मुहूर्त म्हणजे दिवसातला सर्वात सुंदर उजेड, पण तेव्हा जोडपं मांडवात अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभं असतं. फोटोग्राफरला ते बाहेर मिळतं तेव्हा वर फक्त हॅलोजन असतो.

जागा, आणि कोकणातली भरती-ओहोटी

पुण्याच्या आसपास खडकवासला-पानशेत, मुळशी, दिवे घाट, सासवडकडचा भाग, मस्तानी तलाव. साताऱ्याकडे कास, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, वाईजवळचा मेणवलीचा घाट. नाशिकला गंगापूर धरण आणि द्राक्षबागा, कोल्हापूरला रंकाळा आणि मसाई पठार, नागपुरात फुटाळा आणि अंबाझरी. मुंबईकर पहाटे उठून बॅलार्ड इस्टेट, हॉर्निमन सर्कल किंवा मरीन ड्राइव्ह गाठतात कारण ७ नंतर तिथे माणसं आणि गाड्या सुरू होतात.

किनाऱ्यावर मात्र घड्याळाइतकंच पंचांग लागतं. समुद्राचं पाणी मागे गेलं की ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि काही मिनिटं तो आरशासारखा असतो, जोडपं वर एक आणि खाली एक दिसतं, वर केशरी आभाळ खाली केशरी वाळू. हा फोटो सगळ्यांना हवा असतो पण तो फक्त सूर्यास्ताला ओहोटी असेल तरच मिळतो. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे ६, म्हणजे संध्याकाळी ६ ला पूर्ण भरती, ओल्या वाळूचा पट्टा पाण्याखाली. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा येतात, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आधी आणि ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला, त्यामुळे सूर्य मावळेपर्यंत वाळूचा बराच पट्टा ओला आणि मोकळा असतो. आरशाचा फोटो तेव्हाच. आता अमावस्येला शूट ठेवतो म्हटलं की मुलीच्या आजीचा फोन येतो, मग पौर्णिमा, आणि पौर्णिमेला काशीद-अलिबागला रिसॉर्ट फुल. दर दिवशी वेळ साधारण पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे एक-दोन दिवस इकडेतिकडे चालतं.

शूटचा दिवस

टीममध्ये नकळत फोटो टिपणारा एक कँडिडवाला, सिनेमासारखा व्हिडिओ काढणारा एक सिनेमॅटिकवाला, ड्रोन असेल तर त्याचा माणूस, लाइट धरणारा असिस्टंट आणि मेकअप आर्टिस्ट. नऊवारी किंवा फेट्याचा लूक असेल तर तो पहिला घेतात, कारण नेसायला वेळ लागतो आणि ती घडी रिसॉर्टच्या खोलीतच नीट बसते, गाडीच्या आडोशाला नाही. भाड्याचा लांब शेपटाचा गाऊन शेवटी, त्याचं टोक असिस्टंट वाऱ्यात उडवतो आणि फ्रेमबाहेर पळतो.

पण खरी मेहनत बोलण्यात असते. अरेंज मॅरेजचं जोडपं, ओळख चार महिन्यांची, आणि समोर पाच अनोळखी माणसं. पहिला अर्धा तास दोघं लाकडासारखी ताठ. चांगला फोटोग्राफर तेव्हाचे फोटो ठेवतच नाही, उगाच क्लिक करत राहतो. “दादा, कॅमेऱ्याकडे नका बघू, ताईच्या कानात सांगा काल जेवायला काय होतं.” दादा खरंच सांगतो, दोडक्याची भाजी, ताई हसते, तो फोटो. कपाळ टेकवा, हात कमरेवर, मागून मिठी या पोज सगळ्यांच्या सारख्याच असतात, फरक या मधल्या सेकंदाचा.

परवानग्या

सगळ्यात दुर्लक्षित भाग. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांवर १९५८ चा कायदा लागू आहे, हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, स्टँड, लाइट घेऊन शूट लावणं वेगळं, दुसऱ्याला परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. महाराष्ट्रातल्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याकडे, त्यामुळे कोणाकडे अर्ज करायचा इथपासून सुरुवात. आणि परवानगी असली तरी दुर्गप्रेमी मंडळी गडावरच्या रोमँटिक शूटला विरोध करतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, बुरुजावर स्मोक बॉम्ब फोडायला महाराष्ट्रात दुसऱ्या जागा आहेत.

ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१. वजनाप्रमाणे वर्ग आहेत, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही म्हणून लग्नवाल्यांकडे २४९ ग्रॅमचे ड्रोन दिसतात. पण छोटा आहे म्हणून कुठेही उडवा असं नाही, हिरवा, पिवळा, लाल असे झोन डिजिटल स्काय या सरकारी मॅपवर दिलेले असतात आणि लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच चालत नाही. एनडीए म्हणजे लष्कराची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी शेजारी असताना खडकवासल्याच्या काठावर ड्रोन काढायचा विचार असेल तर तो मॅप आधी उघडावा.

तक्रारी आणि अपघात

गोव्यात पर्रा गावचा माडांचा रस्ता फोटोसाठी इतका प्रसिद्ध झाला की २०१९ मध्ये पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून स्वच्छता कर घ्यायला सुरुवात केली, ओरड झाल्यावर तो मागे घेतला. पणजीच्या फोंतेंन्यास भागात लोक स्वतःच्या घराच्या पायरीवर अनोळखी नवरी बसलेली बघून वैतागलेत, आणि वैतागणारच. कासला फुलांत आडवं पडून फोटो काढणारे तुडवतात ती फुलं पुन्हा त्या वर्षी येत नाहीत. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंग बंद करायचे ठरावही झालेत, खर्चाचं कारण त्यात खरं आहे, बाकी आक्षेप मुलीच्या कपड्यांवर येऊन थांबतात आणि मुलाच्या कपड्यांवर कोणी बोलत नाही.

पाण्याचं मात्र गमतीवारी नेऊ नये. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडजवळ कावेरीत गोल टोपलीसारखी होडी उलटून शूटसाठी गेलेलं जोडपं बुडालं. धरणाचा काठ गाळाचा असतो, भिजलेली नऊवारी आणि गाऊन प्रचंड जड होतात, आणि पोहता येणाऱ्यालाही त्यात पाय मारता येत नाहीत.

या सगळ्याला पर्याय म्हणून आता पुणे, कर्जत, नाशिककडे शूटसाठी बांधलेले सेट मिळतात. तासाचं भाडं, एकाच आवारात राजवाड्याची कमान, युरोपातली गल्ली, खोटं रेल्वे स्टेशन, आणि चेंजिंग रूम. आजोबांच्या स्टुडिओतला पडदा पुन्हा आला, फक्त सिमेंटचा.

फोटो कोणाचे

यावर भांडणं होतात म्हणून लिहून ठेवलेलं बरं. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा, उलट काही करार नसेल तर. म्हणजे तुमचे फोटो फोटोग्राफरने त्याच्या पेजवर टाकायचे की नाही हे तुम्ही ठरवू शकता, पण बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात बरेचदा तो हक्क त्याने लिहून घेतलेला असतो आणि टोकन देताना तो फॉर्म कोणी वाचत नाही. कच्चा डेटा मिळणार का, अल्बमच्या शीट किती, रील कधी, हार्ड डिस्क कोणाची, हेही त्याच कागदावर यायला हवं. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड करणारा कॅमेरा आहे का हेही आधीच विचारावं, कारण कार्ड करप्ट झालं तर पुन्हा डोंगरावर जाता येतं, लग्न पुन्हा लागत नाही.