गोळी फुटली की विरघळली?

शेजारच्या इमारतीतली नववीतली मुलगी बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रकल्पाची वही घेऊन आली. प्रश्न छान होता: कॅल्शियमची गोळी थंड पाण्यात लवकर विरघळते की कोमट पाण्यात? तक्ता नेटका, सगळ्या वेळा सेकंदांत. परळच्या आमच्या स्वयंपाकघरात मी तिला एक गोळी पाण्यात टाकायला सांगितली. कडा फुगल्या, पापुद्रे सुटले, बघता बघता ग्लासातलं पाणी दुधासारखं झालं. "विरघळली!" म्हणून तिने घड्याळ थांबवलं. ग्लास ओट्यावर तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर वरचं पाणी नितळलं होतं आणि तळाशी पांढरा गाळ बसला होता.

तिने मोजलं होतं ते गोळीचं फुटणं. ही गल्लत फार जण करतात, आणि त्यामुळे चांगले प्रकल्प वाया जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलतानी मातीचा खडा पाण्यात टाका. तो ढासळतो, पण माती मातीच राहते. खडीसाखर उलट वागते: खडा फुटत नाही, झिजत झिजत नाहीसा होतो आणि पाणी गोड होतं. आठवीच्या भाषेत पहिलं निलंबन, दुसरं द्रावण.

औषध कारखान्यात फुटणं आणि विरघळणं यांच्या दोन वेगळ्या चाचण्या असतात. डिसइंटिग्रेशनसाठी, म्हणजे फुटण्याच्या चाचणीसाठी, तळाला जाळी असलेल्या सहा नळ्यांत गोळ्या ठेवून 37 अंशांच्या पाण्यात मिनिटाला साधारण 30 वेळा वरखाली करतात. जाळीवर गोळीचा घट्ट भाग उरला नाही की झालं. डिसोल्यूशनमध्ये, म्हणजे विरघळण्याच्या चाचणीत, बहुधा 900 मिली द्रव ठरलेल्या वेगाने ढवळतात, ठरावीक वेळाने नमुना काढून गाळतात आणि त्या नितळ द्रवात औषध किती उतरलं ते मोजतात. इथे गोळी कशी दिसते याला महत्त्व नाही.

कॅल्शियमच्या गोळीतल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत हा फरक फारच मोठा आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात ते जेमतेम 15 मिलीग्रॅम विरघळतं. 500 मिलीग्रॅम कॅल्शियम देणाऱ्या गोळीत कार्बोनेट असतं 1250 मिलीग्रॅम, म्हणजे एका गोळीला 80 लिटरहून जास्त पाणी लागेल! शिवाय पाणी तापवलं की कार्बोनेट आणखी कमी विरघळतं. त्यामुळे गोळी कोमट पाण्यात लवकर फुटली, तरी विरघळण्याचं उत्तर उलटं निघू शकतं. प्रश्न एकच, पण घड्याळ कशासाठी लावलं यावर निष्कर्ष बदलतो.

पोटात ते विरघळतं आम्लामुळे. म्हणून प्रयोगासाठी 100 मिली पांढरं व्हिनेगर घ्या. खरं तर ही रासायनिक अभिक्रिया आहे, नुसतं विरघळणं नाही. वहीत तसं लिहावं. पण तिचा फायदाच होतो, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तो वजनात दिसतो. 1250 मिलीग्रॅम कार्बोनेट पूर्ण संपलं की सुमारे 0.55 ग्रॅम वायू निघतो. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर चंचुपात्र ठेवा, शिंतोडे उडू नयेत म्हणून तोंडाशी सैल कापूस लावा आणि दर मिनिटाला वजन लिहा. थोडा वायू द्रवातच राहतो, म्हणून आकडा किंचित कमी येईल. व्हिटॅमिन सीच्या गोळीसाठी मात्र गाळलेल्या द्रावणाचं स्टार्च घालून आयोडीनशी अनुमापन करावं, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब आयोडीन घालून ते किती लागलं हे मोजावं.

फुटण्याचा विरघळण्याशी संबंध आहेच. 1 सेंटिमीटरच्या घनाचे 1 मिलिमीटरचे घन केले, तर पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटरवरून 60 होतं, आणि द्रव जिथे पोचतो तिथूनच विरघळणं सुरू होतं. हेच तपासायला एक गोळी अख्खी टाका, दुसरी खलबत्त्यात कुटून. गोळ्या एकाच पट्टीतल्या, तापमान एकच, ढवळणं सारखं, प्रत्येक प्रयोग तीनदा.

मुलीने प्रयोग असाच केला. बुडबुडे थांबले, तरी तळाशी थोडा पांढरा गाळ होताच आणि तिचा चेहरा पडला. मी तिला वरचा द्रव ओतून गाळावर ताजं व्हिनेगर घालायला सांगितलं. एकही बुडबुडा आला नाही. गोळी बांधायला आणि फुगवायला घातलेलं काहीतरी तेवढं उरलं होतं. कार्बोनेट संपलं होतं.